पेल्यातला बर्फ आणि सीनाकाठचा पूर

ध्रुवाकडील बर्फ वितळून समुद्र चढत आहे असे म्हटले, की धाराशिवात हमखास प्रश्न येतो : पेल्यातला बर्फ विरघळल्याने पाणी कधी ओसंडते काय? प्रयोग बिनचूक आहे. परंतु तो तरंगत्या बर्फापुरता. ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर आहे. तो बाहेरून पेल्यात पडतो. 1901 ते 2018 या काळात समुद्राची पातळी सुमारे 20 सेंटिमीटरांनी वाढली, ती अशा बर्फामुळे आणि उष्णतेने फुगलेल्या पाण्यामुळे.

समुद्र येथून दूर आहे, हे खरेच. पण हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते, आणि पाऊस आला की तेच एकदम कोसळते. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा तालुक्यात माणसे हेलिकॉप्टरने सोडवावी लागली. सीनाकाठची जमीन खरडून गेली. एका पुराने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे शंकेखोरांचे म्हणणे रास्त आहे. तथापि, '1972 चा दुष्काळ काय लहान होता?' एवढे विचारून पूल आणि बंधारे जुन्याच पर्जन्यनोंदींवर बेतावयाचे ठरले, तर त्या शंकेची किंमत वादात नसलेला शेतकरी मोजील.