वाचवलेल्या बँकांनी घेतलेले परत करावे

जुलै 2021 च्या पुरात रायगड जिल्ह्यातल्या महाडची बाजारपेठ बुडाली. पाणी ओसरल्यावर दुकानादुकानांतून भिजलेले कापड, फुगलेली धान्याची पोती आणि चिखलाने माखलेल्या उधारीच्या वह्या रस्त्यावर आल्या. राज्य सरकारने ऑगस्टमध्ये 11,500 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुकानदाराच्या वाट्याला जास्तीत जास्त 50 हजार रुपये आले आणि टपरीवाल्याच्या वाट्याला 10 हजार.

याच्या आधी, 2018-19 या एका आर्थिक वर्षात, रायगड जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाला केंद्र सरकारने 14,724 कोटी रुपयांचे भांडवल दिले होते. बँक ऑफ महाराष्ट्रला त्याच वर्षी सुमारे 4,700 कोटी मिळाले. 2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत सगळ्या सरकारी बँकांना मिळून जवळजवळ 3 लाख 11 हजार कोटी रुपये दिले गेले. मोठमोठ्या उद्योगांची कर्जे थकली, ताळेबंदाला भगदाड पडले आणि ते करदात्याच्या पैशाने बुजवले. ठेवीदारांसाठी ते करणे भागच होते. बँका वाचवल्या याबद्दल माझी तक्रार नाही. पण आज याच बँका नफ्यात आहेत. 2024-25 मध्ये बँक ऑफ इंडियाला 9 हजार कोटींहून अधिक आणि बँक ऑफ महाराष्ट्रला साडेपाच हजार कोटींचा निव्वळ नफा झाला. तेव्हा ज्यांना वाचवले, त्यांच्यावर विशेष शुल्क लावून ती रक्कम हप्त्याहप्त्याने वसूल करावी, असे माझे म्हणणे आहे.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. बँका सरकारच्या, भांडवल सरकारचे, लाभांशही सरकारलाच मिळतो; मग या खिशातले त्या खिशात घालून काय साधणार? पण हे दोन खिसे एकाच माणसाचे नाहीत. त्या 3 लाख 11 हजार कोटींपैकी 2 लाख 76 हजार कोटी रोख्यांच्या मार्गाने उभे केले. त्या रोख्यांचे व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जाते, म्हणजे महाडशेजारच्या पोलादपूरच्या बाईने साबणाच्या वडीवर भरलेल्या करातूनही जाते. लाभांश हा मालकाला मिळणारा नेहमीचा परतावा आहे. बँक अडचणीत आली नसती तरी तो मिळालाच असता, म्हणून त्याला परतफेड म्हणता येत नाही. शेअरचा भाव वाढला असेही सांगितले जाते, पण शेअर विकल्याशिवाय त्या भावाने रोख्यांचे व्याज फिटत नाही.

दुसरा आक्षेप असा की बँका हे शुल्क ग्राहकाच्या माथी मारतील. ही भीती खरी आहे, पण ती दाखवून शुल्कच टाळायचे, तर आजवर काय चालत आले तेही पाहायला हवे. किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये खातेदारांकडून कापले. हा आकडा लोकसभेत दिलेल्या उत्तरातला आहे. पोलादपूरच्या आतल्या वाडीतली म्हातारी, मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो म्हणून खाते ठेवते. ती जीपचे भाडे खर्चून शाखेत येते, पासबुक भरून घेते आणि एखाद्या ओळीत ‘चार्जेस’ म्हणून गेलेले पैसे पाहते. ते कशाचे, हे तिला नीट कुणी सांगत नाही. 2025 मध्ये काही बँकांनी हा दंड बंद केला, हे चांगलेच झाले. म्हणजे तो न घेताही बँक चालते.

ज्यांनी खड्डा पाडला ते अधिकारी कधीच निवृत्त झाले, आजच्या बँकेला शिक्षा कशाला, असेही विचारतात. शेतकरी वारला म्हणून त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो का? वारसाला तो फेडावाच लागतो. बँक तर मेलेलीही नाही.

आता माझी बाजू. याच रायगड जिल्ह्यात पेण अर्बन बँक 2010 साली कोसळली आणि पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना 2021 मध्ये रद्द झाला. त्यांच्यासाठी केंद्राने भांडवल ओतले नाही. ठेवीदारांना आधार उरला तो ठेव विम्याचा, पेणच्या वेळी 1 लाखापर्यंत आणि कर्नाळाच्या वेळी 5 लाखांपर्यंत. त्यावरची रक्कम मिळवण्यासाठी मोर्चे काढावे लागले, कोर्टात हेलपाटे घालावे लागले. या विम्याचा हप्ता बँका स्वतः भरत आल्या आहेत, कर्नाळाच्या वेळी 100 रुपयांच्या ठेवीला वर्षाला 12 पैसे. सहकारी बँकेनेही तो भरला. मोठ्या सरकारी बँकेला याखेरीज दुसरा, कुठेही न लिहिलेला विमा आहे: काहीही झाले तरी सरकार बुडू देणार नाही. त्याचा हप्ता आजवर कुणी घेतलेला नाही. विशेष शुल्क म्हणजे तो हप्ता आहे, आणि माझ्या मते हे एकच कारण पुरेसे आहे.

ही कल्पना काही अघटित नाही. अमेरिकेत जानेवारी 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मोठ्या वित्तसंस्थांच्या देण्यांवर 0.15 टक्के शुल्क सुचवले होते आणि विमा असलेल्या ठेवी त्यातून वगळल्या होत्या. तिथल्या संसदेत ते पुढे सरकले नाही. ब्रिटनने मात्र 2011 पासून बँकांवर असा कर लावला आणि तो आजही चालू आहे.

आपल्याकडे भांडवल घेतलेल्या बँकांच्याच देण्यांवर, विमा असलेल्या ठेवी वगळून, असे शुल्क लावावे. ते फक्त नफ्याच्या वर्षी घ्यावे, म्हणजे बँक पुन्हा अशक्त होणार नाही. येणारी रक्कम त्या रोख्यांच्या फेडीलाच बांधावी. बचत खात्यावर, एटीएमवर, पासबुकाच्या छपाईवर तिचा एक पैसाही चढवता येणार नाही, हे कायद्यातच लिहावे.

महाड-पोलादपूरच्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि दोनच गोष्टी विचारा: आमच्या करातून बँकांना दिलेल्या पैशांपैकी किती परत आले, आणि उरलेले कधी येणार?