विचार फुकट, पार्ट विकत

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची. बेल्ट तुटला नव्हता. त्याचे किलोमीटर पुरे झाले होते आणि मुलीला सोडायला समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे होते. भर रस्त्यात बेल्ट तुटला तर काय होते हे ऐकून होतो, म्हणून आधीच बदलून घ्यावा असे ठरवले. गॅरेजात जाताना गाडी नीट चालत होती. परत आली ती थरथरत. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागू लागला, चढावर पिकअप मिळेना, सिग्नलला उभी राहिली की मिसिंग मारायची आणि इंजिनचा पिवळा दिवा लागलेलाच राहायचा.

त्याच गॅरेजात परत गेलो. उत्तर मिळाले, "नवीन बेल्ट आहे सर, सेट व्हायला वेळ लागतो." हे धादांत खोटे आहे, हे आज मला कळते. टायमिंग बेल्ट ही काही नवी चप्पल नाही, चार दिवस घातली की पायाला बसायला. तो दातांचा पट्टा आहे. एक तर बरोबर दातावर बसतो, नाही तर चुकीच्या. मधली अवस्था नाही.

पुढचे तीन आठवडे जे झाले ते वाचकांपैकी अनेकांनी भोगले असेल. दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला पी००१६. "कॅम सेन्सर गेला." सेन्सर बदलला, १,८०० रुपये. दिवा विझवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. मग तीन प्लग, ६०० रुपये. मग कॉइल, २,६०० रुपये. मग इंजेक्टरची सफाई, १,२०० रुपये. या सगळ्याची मजुरी मिळून १,२०० रुपये. एकूण ७,४०० रुपये झाले आणि गाडी होती तिथेच. त्यानंतर एका जुन्या, नावाजलेल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडले, डोळे मिटून दोन मिनिटे आवाज ऐकला आणि निकाल दिला, "वॉल्व टेढे हो गये. हेड उतारना पडेगा." खर्चाचा अंदाज ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

गाडीचा दोष शेवटी सापडला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेला हा मुलगा, चुलत्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. त्याने आधी काहीच उघडले नाही. विचारले, "सर, बेल्ट बदलायच्या आधी यातलं काही होतं का?"

"नाही."

"मग बेल्टच्या कामात हात कुठं कुठं लागला असेल, तेवढंच आधी बघू."

तीन आठवड्यांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. काम झाले आणि दुसऱ्या दिवशी बिघाड आला, तर पहिला संशय त्या कामावरच घ्यायचा. ही साधी अक्कल आहे. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर हे तिन्ही नेमके बेल्ट बदलला त्याच दिवशी कशाला खराब होतील?

त्याने काय केले ते मी सविस्तर लिहितो, कारण ते पुढच्या माणसाच्या कामी येईल. कव्हर काढताना बाजूला केलेले कनेक्टर नीट बसले आहेत का, एखादी वायर कव्हरखाली चेपली आहे का, एखादा व्हॅक्यूमचा पाइप निसटला आहे का, अर्थिंगची वायर परत लावली आहे का, हे त्याने हाताने तपासले. खर्च शून्य. सगळे ठीक होते. मग इनटेकला व्हॅक्यूम गेज जोडला. चांगल्या पेट्रोल इंजिनात गाडी उभी असताना काटा साधारण १७ ते २१ इंचांवर असतो. माझ्या गाडीत तो १३ वर होता, पण स्थिर होता, उड्या मारत नव्हता. मग प्लग काढून तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, आणि तिन्ही कमी.

"सर, वॉल्व वाकला असता तर एका-दोन सिलिंडरचा आकडा पडला असता आणि गेजचा काटा थरथरला असता. रिंगा घासल्या म्हणावं, तर त्या एका रात्रीत घासत नाहीत. तिन्ही एकदम आणि सारखे उतरले, म्हणजे तिघांना जे सामाईक आहे तेच हललं."

तिघांना सामाईक असतो कॅमशाफ्ट. वॉल्व कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे तो ठरवतो, आणि क्रँकशी त्याची वेळ बांधतो तो टायमिंग बेल्ट. क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या फरकाने वॉल्व उशिरा मिटतो, सिलिंडरमध्ये भरलेली हवा थोडी परत निसटते, दाब कमी होतो आणि गाडी रडत चालते. पी००१६ हा कोडसुद्धा हेच सांगत होता. त्याचा अर्थ "सेन्सर खराब" असा नाहीच. क्रँक आणि कॅम यांचा मेळ जुळत नाही, असा त्याचा अर्थ आहे. दोन्ही सेन्सर खरी साक्ष देत होते. आपण साक्षीदारालाच बदलून टाकले!

कव्हर उघडले. क्रँकची खूण जागेवर होती, कॅमची खूण एक दात मागे. जुना बेल्ट काढला की वॉल्वच्या स्प्रिंगांच्या रेट्याने कॅम किंचित सरकतो. नवा बसवताना ज्या बाजूला टेन्शनर नाही त्या बाजूला ढील राहिली, की टेन्शनर ती ओढून घेतो आणि खूण हलते. म्हणून बेल्ट बसवल्यावर स्टार्टर मारायचा नसतो. पान्ह्याने क्रँक, इंजिन फिरते त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. फिरवताना कुठे अडकल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबायचे. ज्या इंजिनांत पिस्टन आणि वॉल्व एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे चूक दोन-तीन दातांची झाली तर खरोखरच वॉल्व वाकतात. माझे नशीब, चूक एकाच दाताची होती. ही दोन फेऱ्यांची तपासणी पाच मिनिटांची आहे. ती टाळल्यामुळे माझे तीन आठवडे गेले.

काम झाले. त्याने ३०० रुपये तपासणीचे आणि बेल्ट पुन्हा बसवायची मजुरी वेगळी सांगितली. आणि मित्रहो, मला लाज वाटते, पण माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, नुसतं बघायचे ३०० रुपये?"

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

७,४०० रुपयांच्या निरुपयोगी सामानावर मी घासाघीस केली नव्हती. डबा होता, डब्यावर छापील किंमत होती. ज्या एका गोष्टीने गाडी दुरुस्त झाली, म्हणजे त्या मुलाने केलेला विचार, तिची किंमत मात्र मला जास्त वाटली. आपल्या बाजारात विचार फुकट असतो आणि पार्ट विकत असतो. मग मिस्त्री काय विकणार? तो पार्टच विकणार. अंदाजाने सामान बदलणारा प्रत्येक मेकॅनिक लबाड असतो असे मी मानत नाही. निदानाचा रुपयाही ज्याला मिळत नाही, त्याचे घर सामानाच्या कमिशनवरच चालते. डॉक्टरने तपासून "काही नाही, आराम करा" म्हटले तरी आपण फी ठेवून उठतो. मेकॅनिकने "काही नाही, वायर निसटली होती" म्हटले, तर आपण हसून "शुक्रिया" म्हणतो आणि चावी फिरवतो.

कोणी म्हणेल, गरीब माणसाने ही वेगळी फी कुठून द्यायची? तो ती आजही देतोच आहे, फक्त न लागणाऱ्या सेन्सरच्या आणि कॉइलच्या बिलात लपवून. ३०० वाचवायला गेलेला माणूस ७,४०० देऊन आला, हा हिशेब माझा स्वतःचा आहे.

दुसरा दोष कंपन्यांचा. कोणत्या इंजिनाच्या खुणा कुठे आहेत, कोणता बोल्ट किती ताकदीने आवळायचा, कोणत्या कोडवर काय तपासायचे, हे सगळे छापलेले असते. पण ते पत्र्याच्या शेडपर्यंत येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली केली नाही म्हणूनच. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतले. कागदावर हक्क आला आहे. तो मागायला कोणी जात नाही.

तिसरा दोष आपला, आणि तो मी घरात बसूनच बोलतो. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवून ठेवले की मुस्लीम समाज पगाराच्या नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर अधिक अवलंबून आहे. त्यात गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा मोठा. जालन्यात हे सांगायला अहवाल लागत नाही, कोणत्याही चौफुलीवर उभे राहा. यावरून आपल्याला "पंक्चरवाले" म्हणून हिणवले जाते. पंक्चर काढणे हलाल कमाई आहे, त्यात लाज कसली? पण हिणवणाऱ्याला शिव्या देऊन आपले काम संपत नाही. आपण बारा वर्षांच्या पोराला शाळेतून काढून गॅरेजात बसवतो आणि "उस्ताद कान से पकड़ता है" याचा अभिमान सांगतो. कान हे साधन चांगले आहे, पण तो निकाल नव्हे. कानाने माझ्या गाडीचे हेड उतरवले असते. आणि स्कॅनरही निकाल नव्हे, त्याने नुसता सेन्सर बदलायला लावला. दोन्हींच्या पुढे मोजमाप लागते, आणि मोजायला वाचता यावे लागते.

तकरीरीत अल-जझरीचे नाव घेऊन आपण छाती फुगवतो. दियारबकरच्या दरबारातल्या त्या कारागिराने १२०६ मध्ये यंत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यात क्रँकने चालणारा पंपही आहे. पण त्याची थोरवी नुसत्या हुन्नरात नव्हती. दुसऱ्याला तेच यंत्र बनवता यावे म्हणून त्याने मापे लिहून ठेवली. आपले किती उस्ताद शागिर्दासाठी एक वही लिहून ठेवतात?

आणि जालन्याला तपासणी नवी नाही. हे सळयांचे आणि बियाण्यांचे गाव आहे. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना तपासल्याशिवाय सळई ओढत नाहीत, उगवणशक्ती पाहिल्याशिवाय बियाण्याची पिशवी शिवत नाहीत. मग गाडीच्या बाबतीतच आपण "बदलून बघू" का म्हणतो? याच गाड्यांत आपली लेकरे बसवून आपण १२० च्या वेगाने समृद्धीवर जातो.

म्हणून मागणे तीनच. ग्राहकाने तपासणीचे पैसे वेगळे आणि आनंदाने द्यावेत, आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. मिस्त्रीने काय मोजले, किती आले, हे बिलावर लिहून द्यावे. आणि ज्याचा मुलगा गॅरेजात आहे, त्याने त्याला दहावी करू द्यावी, आयटीआयला घालावे, व्हॅक्यूम गेज आणि कॉम्प्रेशन गेज घेऊन द्यावे. मला लागलेल्या फालतू सामानाच्या पैशांत ही दोन्ही गेज सहज आली असती.

त्या दिवशी मी ते वाक्य गिळले आणि पूर्ण पैसे दिले. मुलगा म्हणाला, "सर, बघायचे पैसे देणारे तुम्ही पहिलेच." मी त्याला शाळेत त्रैराशिक शिकवले होते. त्याने तपासणीचे जे दर सांगितले, तेच आता त्याच्या शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिलेले आहेत. जाल तेव्हा घासाघीस करू नका.