पायी चालणाऱ्यांचा वाटा

आमच्या भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत येत्या वर्षाच्या मागण्यांची यादी तयार होत होती. पाणी, सांडपाणी, रेशन, महापालिकेच्या दवाखान्यातील औषधे हे विषय एकामागून एक आले आणि त्यांवर अपेक्षेप्रमाणे भरपूर बोलणे झाले. शेवटी मी पदपथ आणि सायकलमार्ग यांचा विषय काढला. तेव्हा एक जुने, तळमळीचे सहकारी हसून म्हणाले, "सर, हा कोथरूडचा विषय. आपल्या वस्तीत आधी नळाला पाणी येऊ द्या." सगळे हसले, मीही हसलो. परंतु बैठक संपवून घरी परतताना, उखडलेल्या पदपथावरून खाली उतरून वाहत्या रस्त्याच्या कडेने अंग चोरीत चालताना, त्या वाक्याचा विचार मनातून जाईना. त्याचे उत्तर बैठकीतच द्यायला हवे होते. ते मला सुचले नाही, म्हणून आज लिहितो आहे.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्यात पादचारी आणि सायकलस्वार यांच्या सोयींसाठी जी चळवळ झाली, ती मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गातील माणसांनी चालवली. 'परिसर'सारखी संस्था आणि तिच्याबरोबरीने काम करणारे मोजके नागरिक यांनी वर्षानुवर्षे धोरणांचे मसुदे वाचले, अंदाजपत्रकातील कोष्टके तपासली, आयुक्तांना निवेदने दिली. महापालिकेचे २०१६ सालचे पादचारी धोरण आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने संमत केलेला सायकल आराखडा यांच्यामागे अशा चिकाटीचा वाटा आहे. परंतु निवेदन घेऊन येणाऱ्यास साहेब चहा पाजतात आणि मोर्चा घेऊन येणाऱ्यास तारीख देतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. या मागणीच्या पाठीशी मोर्चा कधी उभा राहिला नाही. मोर्चे काढणारे आपण हा विषय आपला समजतच नव्हतो. तेव्हा चळवळ मध्यमवर्गीय राहिली याचा दोष ती चालवणाऱ्यांकडे जात नाही.

मग पायी चालतो कोण? २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारण्यात आले होते की, तुम्ही कामाच्या ठिकाणी कसे जाता. देशभरातील उत्तर असे : सुमारे २३ टक्के पायी, १३ टक्के सायकलने. खाजगी चारचाकी मोटारीने जाणारे तीन टक्क्यांच्याही आत. सुमारे ३० टक्क्यांना कामासाठी प्रवास करावाच लागत नाही. ते वगळले तर कामावर जाणाऱ्यांपैकी निम्मी माणसे पायांच्या बळावर जातात. हे आकडे जुने आहेत, त्यानंतर जनगणनाच लांबली, आणि दरम्यान मोटारसायकली पुष्कळ वाढल्या हे खरे. तरीही बसने जाणारा प्रत्येक माणूस थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून पुढे पादचारीच असतो, हे या आकड्यांत कुठेच धरलेले नाही. सकाळी सात वाजता दांडेकर पुलापाशी उभे राहून पाहावे. धुणीभांडी करायला निघालेल्या बायका, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, शाळेची मुले, नाक्यावर काम शोधायला जाणारे बिगारी यांच्यातले कितीजण कोथरूडचे रहिवासी आहेत, हे माझ्या सहकाऱ्यांनी मला सांगावे.

आणि मरतो कोण? केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते, म्हणजे रोज सरासरी नव्वद. एखाद्या कारखान्यात रोज नव्वद मजूर दगावले असते तर आपण काय केले असते, हे सांगायला नको.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या प्रश्नाची खरी गाठ अंदाजपत्रकात दिसते. रस्ता ही शहरातील सर्वांत मोठी सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचे वाटप दोन मार्गांनी होते, जागेने आणि पैशाने. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहने नव्हे, माणसे केंद्रस्थानी असावीत, हे त्यात स्पष्टपणे मांडले आहे. धोरण उत्तम आहे. परंतु महापालिकेच्या कारभाराशी ज्याचा थोडासाही संबंध आला आहे त्याला ठाऊक असते की, धोरण मुख्य सभेत संमत होते आणि पैसा स्थायी समितीत हलतो. अंदाजपत्रकात पदपथ आणि सायकलमार्ग यांच्या नावे रक्कम दिसते. वर्षअखेरीस तीच रक्कम 'वर्गीकरण' या निरुपद्रवी नावाच्या दाराने दुसऱ्या कामाकडे निघून जाऊ शकते. नगरसेवकांच्या 'स' यादीतून पदपथाचे काम निघाले, तर ते पुष्कळदा सुस्थितीतले पेव्हर ब्लॉक काढून नवे पेव्हर ब्लॉक बसवण्याचे असते. ठेकेदाराचे बिल निघते, रंग बदलतो, रुंदी तेवढीच राहते. त्यातही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुणे महापालिकेत कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. त्या काळात अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. कोणाला जाब विचारावा, तर विचारायला कोणी समोर नव्हते.

पैसा नाही, हे उत्तर मात्र आपण ऐकून घेऊ नये. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जनतेच्याच पैशातून उभे राहिले होते. मेट्रोच्या मार्गात येतात म्हणून २०२० साली ते पाडण्यात आले. त्यांना धड दोन दशकेही झाली नव्हती. बांधायला पैसा होता, पाडायला होता, आणि त्याच जागी पुन्हा दुमजली पूल उभारायलाही निघाला. जानेवारी २०२६ मध्ये जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत भरली. तिच्या मार्गावरील रस्ते पाहता पाहता गुळगुळीत करण्यात आले. परदेशी स्पर्धकांच्या सायकलींना खड्डा लागू नये ही काळजी रास्तच आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. मनात आणले तर सायकलीसाठी निधी आणि वेग दोन्ही उपलब्ध होतात, एवढेच त्यावरून सिद्ध झाले. चेन्नई महापालिकेने २०१४ साली पादचारी आणि सायकलस्वारांसाठी धोरण स्वीकारताना वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला किमान ६० टक्के हिस्सा त्यांच्यासाठी राखण्याचे ठरवले. त्या संकल्पाची अंमलबजावणी तेथेही कसोटीचाच विषय आहे. पण निदान मागणी कोणत्या भाषेत करावी, हे चेन्नईने दाखवून दिले. आपण आजवर 'पदपथ दुरुस्त करा' एवढेच म्हणत आलो. हिस्सा मागितला नाही.

जागेचे वाटप तर याहूनही उघड आहे. एक मोटार उभी करायला सुमारे १२ चौरस मीटर जागा लागते. वस्तीत एवढ्या जागेत संसार असतो आणि त्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला चुकवावे लागते. तीच जागा सार्वजनिक रस्त्यावर मोटारीला दिवसरात्र बहुधा फुकट मिळते. २०१८ साली महापालिकेने वाहनतळ धोरण संमत केले, तेही विरोधामुळे मोजक्या रस्त्यांपुरते उरले आणि पुढे अंमलात येण्याआधीच थंडावले. त्या वेळी 'सामान्य माणसावर बोजा' अशी ओरड झाली होती. मोटार रस्त्यावर फुकट उभी करणारा हा सामान्य माणूस आणि तिच्यामुळे पदपथ सोडून रस्त्यात उतरणारी म्हातारी, यांच्यातला फरक करायला आपणही त्या वेळी विसरलो, हे कबूल केले पाहिजे.

येथे एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. 'पदपथ मोकळे करा' ही घोषणा दिली की महापालिकेची गाडी सर्वांत आधी भाजीवालीची पाटी उचलते. मोटारींना ती हात लावत नाही, दुकानदाराने पुढे ओढलेल्या फळ्यांना क्वचित लावते. म्हणून पादचाऱ्यांची बाजू घेणारे आणि पथारीवाल्यांची बाजू घेणारे आजवर एकमेकांसमोर उभे राहिले. ही झुंज खोटी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असे बंधन घातले आहे. विक्रीची जागा आणि चालण्याची जागा एकाच आराखड्यात, त्या समितीत बसून, आखून घेता येते. पायी चालणारा हाच पथारीवाल्याचा गिऱ्हाईक असतो. भरधाव मोटार कोथिंबिरीची जुडी घ्यायला थांबत नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भाग असल्याचे म्हटले. त्याच अनुच्छेदाखाली १९८५ साली, ओल्गा टेलिस खटल्यात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क मान्य झाला होता. एकाच अनुच्छेदाने दोघांना आधार दिलेला आहे. त्यांच्यात भांडण लावून देणाऱ्यांच्या हाती पहिल्या निकालाचे कोलीत आपण पडू देता कामा नये.

सायकलबद्दल थोडे वेगळे बोलले पाहिजे, कारण तेथे आपल्या मनात भाबडेपणा फार आहे. पुणे हे सायकलींचे शहर होते, हे माझ्या पिढीने इतक्यांदा सांगितले आहे की तरुण कार्यकर्ते आता जांभई देतात. पाळी सुटल्यावर खडकीच्या कारखान्यांतून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा मीही पाहिला आहे, आणि प्राध्यापकी करताना बरीच वर्षे सायकलवरूनच महाविद्यालयात गेलो. परंतु कामगाराने सायकल सोडली ती चैनीसाठी नव्हे. घर शहराबाहेर ढकलले गेले, काम दुसऱ्या टोकाला गेले, बस वेळेवर येईना आणि रस्त्यावर सायकल चालवणे जिवावर बेतू लागले, तेव्हा त्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. तिचा हप्ता आणि पेट्रोल यांत त्याच्या पगाराचा जो लचका तुटतो, तो मी एक प्रकारचा करच मानतो. सार्वजनिक व्यवस्था कोसळल्याचा हा कर कमी पगारवाला भरतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. इव्हान इलिच यांनी १९७४ साली ऊर्जा आणि समता यांचा संबंध उलगडताना हिशेब मांडला होता की, मोटारीसाठी कमावण्यात जाणारा वेळही धरला तर अमेरिकन माणसाचा प्रवासाचा वेग तासाला पाच मैलसुद्धा भरत नाही. इलिच यांचे सगळेच मला पटत नाही. पण महिनाअखेरीस हप्त्यासाठी जादा पाळी करणारा तरुण दिसला की त्यांचा हा हिशेब आठवतो.

महापालिकेने सायकलींसाठी काहीच केले नाही असे नाही. २००६ साली स्वारगेटमार्गे कात्रज ते हडपसर जलद बसमार्ग सुरू झाला, तेव्हा त्याच्या कडेने सायकलमार्गही आखण्यात आले. ते मधेच तुटत, चौकात नाहीसे होत, कोठे खांबाला तर कोठे रोहित्राला जाऊन भिडत. मग कोणी वापरत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरवण्यात आले. अर्धा पूल बांधून त्यावरून कोणी जात नाही अशी तक्रार करण्यासारखे हे आहे. पुढे २०१७ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांच्या रंगीत सायकली आल्या, मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या. दोनेक वर्षांत त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. आमच्या इमारतीचा पहारेकरी त्या काळातही स्वतःच्या जुन्या सायकलवरूनच येत असे. तिला उभे करायला इमारतीच्या आवारात जागा नव्हती, म्हणून तो ती बाहेर विजेच्या खांबाला साखळीने बांधत असे. त्याला कोणी सायकलस्वार म्हणून मोजले असेल असे मला वाटत नाही.

चांगले होऊ शकते याची उदाहरणे शहरातच आहेत. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ पाहावेत. संध्याकाळी तेथे म्हातारी माणसे बाकांवर बसलेली असतात, मुले खेळतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एक दिवस मोटारींना बंद करून पादचारी दिन साजरा झाला आणि पुढेही ती प्रथा चालू राहिली. माझे म्हणणे एवढेच की, जंगली महाराज रस्त्याला जे मिळाले ते महापालिकेच्या शाळेच्या दारातल्या रस्त्याला मिळायला हवे, आणि तेथे ते मागणारा कोणी नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी यादीत पुन्हा हा विषय घालणार आहे, या वेळी मोजमापासह. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको. वस्तीपासून शाळा, दवाखाना आणि बसथांबा एवढ्या तीन वाटा टेपने मोजायच्या, अडथळे कागदावर उतरवायचे, आणि नागरिकांच्या सूचनांसाठी महापालिका दर वर्षी अर्ज मागवते तेव्हा एकेका वाटेसाठी वस्तीतून शंभर अर्ज द्यायचे. प्रभागातल्या रस्त्यांच्या रकमेतला किती हिस्सा चालणाऱ्यांसाठी, आणि त्यातून वर्गीकरण करणार नाही असे कोण लिहून देणार, हे नगरसेवकांना वस्तीतल्या सभेत विचारायचे.

मागच्या आठवड्यात मी आणि दोन तरुण कार्यकर्ते शाळेची वाट मोजून आलो. बाराशे पावलांच्या अंतरात सात ठिकाणी रस्त्यात उतरावे लागले. टेपचे एक टोक धरायला वाटेत एक बाई स्वतःहून पुढे आल्या. त्यांचा नातू पहिलीत आहे. "पाणी येतं हो साहेब, रात्री दोनला का होईना येतं," त्या म्हणाल्या, "पण ह्याला शाळेत सोडून परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो." पुढच्या बैठकीला येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. माझ्या सहकाऱ्यांच्या शेजारची खुर्ची मी त्यांच्यासाठी राखून ठेवणार आहे.