किनाऱ्याला भिंत नव्हे, वाळू हवी

निपाणीच्या काळ्या रानात किंवा खानापूरच्या भातशेतीत राबणाऱ्या आपणांस समुद्रकिनाऱ्याच्या धुपेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण म्हादई आपल्या खानापूर तालुक्यातच उगम पावते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्राला मिळते. अशा नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूवरच किनारे पोसले जातात. शिवाय आपली कितीतरी माणसे सणासुदीला व कामधंद्याला गोव्यात जातात.

किनाऱ्याची वाळू एका जागी राहत नाही. पावसाळ्यात उंच लाटा ती ओढून पाण्याखाली थोड्या अंतरावर ठेवतात. पाऊस सरला की मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. तेव्हा जुलै महिन्यात किनारा अरुंद दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दरवर्षी परत येणारी वाळू कमी होऊ लागली, तर मात्र काळजी करावी. नदीतला बेसुमार वाळूउपसा, धरणांत अडकणारा गाळ आणि हॉटेलांसाठी सपाट केलेल्या वाळूच्या टेकड्या, ही त्याची ठळक कारणे होत. या टेकड्या म्हणजे वादळासाठी राखलेली शिल्लक असते.

मग घाईने दगडी भिंत घातली जाते. लाट भिंतीवर आपटून मागे फिरताना पायथ्याची वाळू नेते, आणि भिंत संपते तेथे शेजाऱ्याची जागा खचते. वरच्या शेतकऱ्याने ओघळ वळवला की खालच्याचा बांध फुटतो, तशातलाच हा प्रकार. जून २००० मध्ये कांदोळीजवळ 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज रुतले. त्याच्या आडोशाला वाळू साचली आणि शेजारचा किनारा धुपला. ते पुरते हलेपर्यंत २०१२ साल उजाडले. एक अडथळा एवढे करतो, तर मैलभर भिंत काय करील?

गाव किंवा रस्ता धोक्यात असेल तेथे भिंत टाळता येत नाही, हे मान्य. पण केवळ हॉटेलाचे अंगण वाचवण्यासाठी ती बांधू नये. इतरत्र बांधकाम मागे ठेवावे, टेकड्यांवर मर्यादवेल वाढू द्यावी, आणि पर्यटकांसाठी ठरावीक पायवाटा असाव्यात. आपणही सहलीला गेलो तर वेलींवरून गाडी नेऊ नये.

आपल्या दूधगंगा-वेदगंगेची वाळू कृष्णेमार्फत पूर्वेच्या समुद्राकडे जाते, पण धडा तोच आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत या नद्यांनी आपली रानेही बुडवली. काठाची वाळू विकली की चार पैसे आज मिळतात, पण पुढच्या पुरात मळीची जमीन कोसळते, आणि ती कोणत्याही भावाने विकत मिळत नाही. काठावर वाळा, बांबू व करंज लावा. वाळूउपशाचा विषय ग्रामसभेत आपणच काढावा. नदीचा काठ राखणारा शेतकरी आपले रान राखतोच, शिवाय दूरच्या कोळ्याचा किनाराही राखतो.