बस नसेल, तर तसे फलकावर लिहा

बस म्हटले की लाखांदूर किंवा पवनीच्या वाचकाला एस.टी.च आठवणार. संगणकातही बस असते. प्रोसेसर आणि त्याला जोडलेले सेन्सर यांच्यात माहितीची ने-आण करणारी वाट म्हणजे बस. आय-टू-सी, एसपीआय, यूएसबी ही त्यांतली काही नावे.

प्रत्येक यंत्रात प्रत्येक बस लागत नाही. म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ती ऐच्छिक असते. अभियंता हवी ती ठेवतो, नको ती वगळतो; छोट्या यंत्राची मेमरी वाचते. इथवर ठीक. पण वगळलेल्या बसवरचा सेन्सर कुणी मागितला, तर कोडने काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. भंडारा जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. पेंटाव्हॅलंट लस गोठली की निकामी होते, पोलिओचे थेंब उष्णतेने. समजा, तापमान मोजणाऱ्या एखाद्या यंत्राच्या नव्या कर्नलमधून आय-टू-सी चुकून वगळले गेले. बसच्या जागी ठेवलेल्या पोकळ फंक्शनने ‘सारे ठीक’ एवढेच सांगितले, तर पडद्यावर जुना ४ हा आकडा तसाच राहू शकतो. परिचारिका नोंदवहीत ४ लिहील. फ्रिज १२ वर असेल.

लिनक्समध्ये यावर चांगली रीत आहे. वगळलेल्या बसच्या पोकळ फंक्शनने ‘असे उपकरण नाही’ असा त्रुटी-संकेत परत करता येतो. बॉशचा बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर आय-टू-सी किंवा एसपीआय, दोन्हींवर चालतो. त्याच्या ड्रायव्हरचा मुख्य भाग एकच आणि प्रत्येक बससाठी छोटी वेगळी फाइल. एक वगळली तरी दुसरी चालते. ‘रँडकॉन्फिग’ने कसेही पर्याय निवडून कर्नल बांधता येतो का, हेही तपासतात. पण बांधला गेला म्हणजे तो खरे बोलतो, असे नाही.

प्रत्येक गैरहजेरीला भोंगा वाजवला तर लोक भोंग्याकडेच दुर्लक्ष करतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून भेद करावा. जोडीला दिलेली सोय नसेल तर यंत्राने गप्प राहावे. ज्या कामासाठी यंत्र घेतले तेच होत नसेल, तर आकडा पुसावा आणि इशारा द्यावा. एस.टी.ची फेरी रद्द असेल तर प्रवासी दुसरी सोय बघतो. फलक कोरा असला की तो थांब्यावरच ताटकळतो.

खरेदी करणाऱ्यांनी एक सोपी चाचणी अटींत घालावी : सेन्सरची तार काढा आणि पडदा पाहा. आकडा तसाच राहिला, तर यंत्र परत करा. प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर हीच चाचणी पुन्हा घ्या. आणि फ्रिजमधला साधा थर्मामीटर काढू नका. त्याला कुठलीच बस लागत नाही.