सपाटीवरची मुशाफिरी

आमचा पत्ता ऐकल्यावर विचारणारा मनुष्य क्षणभर थांबतो आणि मग दुखवट्याला आल्यासारख्या स्वरात म्हणतो, "शीळफाटा? म्हणजे रोज तिथून जावं लागतं तुम्हाला?" जावे लागत नाही, तिथेच राहतो, असे सांगितले की त्याची सहानुभूती दुप्पट होते. मुंब्र्याकडून येणारा जुना पुणे रस्ता, कल्याणचा रस्ता, महाप्याचा रस्ता आणि तळोजे-पनवेलकडे जाणारा रस्ता, असे रस्ते इथे एकमेकांना भेटतात. आणि माहेरवाशिणी भेटाव्यात तसे, एकदा भेटले की लवकर हलत नाहीत. अशा ठिकाणी राहून पायी फिरण्याच्या सुखावर कोणी लिहू लागला तर त्याची प्रकृती बरी आहे ना, अशी संपादकांनी चौकशी करावी. तरीही या दिवाळीला मी तेच करणार आहे.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे गडप्रेम ठाऊक आहे. त्यांनी ते पुष्कळ सोसले आहे. मराठी माणसाच्या लेखी चालणे म्हणजे चढणे. राजगडावर धापा टाकीत पोहोचलेला मनुष्य भटका. खाडीच्या काठाने दोन तास चाललेला मनुष्य मात्र 'पाय मोकळे करायला गेला होता'. मीही याच मताचा होतो. सपाटीवर चालणाऱ्यांना मी खुशाल 'पेन्शनर' म्हणत असे. मग हरिश्चंद्रगडाच्या उतरणीवर माझ्या उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, "चाला, भरपूर चाला. फक्त चढू नका." मी हा निकाल घरी सांगितला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "बरं झालं. आता भाजीला तरी माझ्याबरोबर याल."

भाजीला जाण्याआधी मात्र जर्मनीला जाण्याचा योग आला. माझी मेहुणी ब्रेमेनला असते. मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. जर्मनी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आल्प्सची शिखरे आली होती. प्रत्यक्षात ब्रेमेनचा मुलूख आपल्या पोळपाटाला लाजवील इतका सपाट! वेझर नदी गावातून संथपणे समुद्राकडे निघालेली. गावाच्या कडेला व्यूमे नावाची तिची धाकटी नातलग. आणि दोघींच्या काठाने मातीचे लांबच लांब बांध. बांधावर गवत, बांधाखाली कुरणे, कुरणात गायी, दोन कुरणांमध्ये पाण्याचे चर. समुद्र पुष्कळ दूर, पण भरती-ओहोटी या नद्यांतून थेट आत येते. बांध नसता तर तिथे गायीऐवजी मासे चरले असते. त्या भागात एक जुनी म्हण आहे: जो बांध घालणार नाही, त्याने गाव सोडावे. पूर्वी ती म्हण नव्हती, कायदाच होता. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा बांध राखायचा. न राखील त्याची जमीन गेली.

त्या बांधांवरून आम्ही रोज चाललो. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात नाक मुरडले. चढ नाही, दम लागत नाही, माथ्यावर पोहोचल्याचा आनंद नाही, कारण माथाच नाही. चौथ्या दिवशी ध्यानात आले, की आपण दोन तास सौभाग्यवतींशी सलग बोललो आहोत. गड चढताना बोलणे शक्य नसते; आमच्या संसारातील बरीचशी शांतता त्यामुळेच टिकली असावी.

सातव्या की आठव्या दिवशी एक वृद्ध बाई समोरून येताना दिसल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. हातात चार चाकांचा एक आधार, तो पुढे ढकलीत त्या एकट्याच चालल्या होत्या. मध्येच थांबल्या, त्या आधाराला जोडलेल्या फळीवर बसल्या, बगळ्याकडे पाहिले, उठल्या आणि पुन्हा निघाल्या. कोणी त्यांना हात दिला नाही. हात द्यावा असे कोणाला वाटलेही नाही. मला एकदम दादांची आठवण झाली.

दादा म्हणजे माझे वडील. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. आल्यावर चार महिन्यांनी रस्ता ओलांडताना एक मोटारसायकल त्यांना घासून गेली. हाड मोडले नाही. पण त्यानंतर ते आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर पडेनात. सकाळी दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशा चाळीस फेऱ्या घालीत. मोजणी चुकू नये म्हणून खिडकीत चिंचोके ठेवलेले असत. प्रत्येक फेरीला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. हे मी दोन वर्षे पाहत होतो आणि दादांना फिरण्याची आवड उरली नाही, अशी माझ्या सोयीची समजूत करून घेतली होती.

ब्रेमेनचा जुना गावभाग पाहायला गेलो तेव्हाही दादा डोक्यातून जाईनात. तिथल्या चौकात १४०४ साली उभारलेला रोलांडचा दगडी पुतळा आहे, हातात उपसलेली तलवार. त्याच काळातले नगरभवन शेजारी उभे आहे. गावाला पूर्वी तट होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो काढून त्या जागी बाग केली. तिथला खंदकही वळणावळणाचे तळे होऊन राहिला आहे, आणि काठाने आजीआजोबा हिंडत असतात. नगरभवनाच्या कोपऱ्यावर चार प्राण्यांची उतरंड आहे, गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले हे वादक. गोष्ट आपण मुलांना हसत सांगतो. पण नीट पाहिले तर ती म्हाताऱ्यांची गोष्ट आहे. गाढवाला ओझे झेपत नाही, कुत्र्याला शिकार जमत नाही, मांजरीचे दात बोथटले आहेत आणि कोंबड्याची सुरी ठरलेली आहे. नकोसे झालेले हे चौघे घरातून निघतात आणि ब्रेमेनची वाट चालू लागतात. गंमत म्हणजे ते ब्रेमेनला कधी पोहोचतच नाहीत! वाटेतच त्यांना बरे घर मिळते. येणारे-जाणारे त्या गाढवाचे पुढचे पाय धरून मनातली इच्छा बोलतात. मीही धरले. काय इच्छा केली ते सांगत नाही.

परत आलो तो पावसाळा सुरू झाला होता. घराजवळ सपाट, सुरक्षित आणि पाण्याच्या काठची वाट शोधायची असे मी ठरवले. वाचकहो, शोध फार लांबचा निघाला नाही. आपण ज्याला कल्याण-शीळ रस्ता म्हणतो, तो मेट्रोच्या खांबांतून आणि इमारतींच्या जाहिरातींतून जातो खरा. पण त्याच्या पलीकडे पंधरा मिनिटांवर देसाई खाडीचा मुलूख आहे. भातखाचरे, तिवरांची रांग, चिखलात तुरुतुरु पळणारे खेकडे, आणि मातीचा बांध. वर्षानुवर्षे मी त्याच्याजवळून बसने गेलो होतो. खिडकीतून पाहायची माझी नजर मात्र नेहमी मलंगगडाकडे असायची.

अडचण एकच होती, मधला रस्ता. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा बोगदा एकवीस किलोमीटर जमिनीखालून, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, येऊन आमच्या शीळफाट्याला उजेडात निघणार आहे. एवढी करामत जिथे चालू आहे, तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रस्ता कसा ओलांडून द्यावा हे मात्र कोणाला सुचलेले नाही. शेवटी मी रिक्षा केली. रस्ता ओलांडण्यापुरती रिक्षा! रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग दादांकडे पाहिले, आणि पैसे कमी घेतले.

नवरात्राचे दिवस होते. भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळे पडू लागले होते. दादा पहिल्या दिवशी बांधावर पन्नास पावले चालले आणि म्हणाले, "पुरे." दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशी बांधावर एक आगरी आजोबा भेटले. वय दादांएवढेच, खांद्यावर फावडे. बांधाला पडलेले खेकड्याचे बीळ चिखलाने लिंपीत बसले होते.

"एवढ्याशा भोकासाठी कशाला त्रास घेता?" मी विचारले.

"पानी इचारून येत नाय," ते म्हणाले. "आज खेकडा जाईल, उद्या खाडी येल."

त्यांच्याकडून मी जे ऐकले ते माझ्या एम.ए.च्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर जावे, यासाठी बांधाला ठेवलेले दार म्हणजे उघाडी. खाडीचे पाणी चढले की ते आपोआप मिटते, उतरले की आतले पाणी त्याला ढकलून उघडते. खारट जमीन पावसाने धुऊन निघाल्यावर तिथे भात होते. पूर्वी बांध फुटला की साऱ्या गावाने माती टाकायला धावायचे. न येणाऱ्याला गाव बोलायचे. मला व्यूमेच्या काठची ती म्हण आठवली. आपल्याकडे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला आणि बांधांची जबाबदारी सरकारपर्यंत पोहोचली. पण खेकडे सरकारी नसल्यामुळे फावडे आजोबांच्याच खांद्यावर राहिले. त्यांची मुले आता शेती करीत नाहीत. पलीकडची चार खाचरे बांध फुटून खाडीत गेली आहेत, तिथे खारफुटी माजली आहे. खारफुटी तोडायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे; तीही किनारा राखते. मात्र फुटलेल्या बांधावरून चालता येत नाही, एवढे खरे.

दादा आणि ते आजोबा यांची मैत्री माझ्या देखत अशी झाली की दोघांपैकी कोणी ती झाल्याचे कबूल केले नाही. "गुरुजी आले का?" असे ते मला विचारीत, दादा शेजारी उभे असताना.

वसुबारसेला दादा स्वतःच म्हणाले, "दुर्गाडीला जाऊ." शके १५७९ची आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे १६५७ सालची वसुबारस, त्या दिवशी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आली आणि पुढे याच खाडीकाठी महाराजांच्या आरमाराची गलबते बांधली गेली. शाळेत असताना दादा दरवर्षी मुलांना घेऊन जात. दुर्गाडी म्हणजे गड कसला, टेकाड आहे. पण दादांना तेही चढवेना. आम्ही खाली गणेश घाटावर बसलो. समोर उल्हास नदी खाडी होऊन पसरलेली, पुलावरून भिवंडीकडे गाड्यांची रांग. आणि दादा बोलू लागले. दोन वर्षांत इतके बोलले नव्हते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात लिहिले आहे, की कल्याणला चालता व्यापार पुढे अडवला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे पाठवली जाऊ लागली. "म्हणजे," मी म्हणालो, "वाहतूक वळवण्याची आपल्या भागातली परंपरा दोन हजार वर्षांची आहे." दादा हसले. मग त्यांनी कल्याणच्या तटाची हकीकत सांगितली. मोगलांच्या काळात गावाला दगडी तट होता. इंग्रजांनी तो उतरवला आणि त्याचे दगड कल्याणच्या आणि ठाण्याच्या धक्क्यांना वापरले. ब्रेमेनकरांनी तट काढून बाग केली, असे मी सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तटाचं काय, जातोच. तिथं बसायला जागा ठेवली, हे मला आवडलं."

मग थंडी आली. भात कापून झाले, खाचरांत वाल उगवले. मी कॉलेजच्या परीक्षांत अडकलो आणि चार-पाच दिवस बांधावर जाणे जमले नाही. पौषी अमावास्येच्या सकाळी उठलो तर दादा घरात नाहीत. चिंचोके खिडकीत सगळे डावीकडेच. काठी नाही. सौभाग्यवती खालच्या पहारेकऱ्याला विचारून आल्या. म्हातारबुवा साडेसहालाच बाहेर पडले, म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो रस्ता आणि ट्रक उभे राहिले. डॉक्टरांचा आणि गुडघ्याचा मुलाहिजा न ठेवता मी अक्षरशः धावलो. रस्त्याच्या कडेला तोच रिक्षावाला उभा होता. मला पाहून त्याने नुसते पलीकडे बोट केले.

अमावास्येची भरती होती. पाणी बांधाच्या पाऊण उंचीला चढले होते. दोघे म्हातारे बांधावर ओणवे होऊन एका बिळाकडे पाहत होते. आजोबा चिखलाचे गोळे देत होते आणि दादा, माझे दादा, धोतर गुडघ्यावर खोचून ते लिंपीत होते. मी जवळ पोहोचलो. धाप लागली होती, रागही आला होता, आणि काय बोलायचे ते जुळवीत होतो. दादांनी मान वर न करता म्हटले, "चपला काढून ये. कड ओली आहे."