पेन्सिलच्या फुल्या

मागच्या आठवड्यात मोर्शीत एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी मला बेजबाबदार ठरवलं. बँकेत आयुष्य गेलेले, वयानं मोठे, म्हणून पंगतीत गप्प बसलो. इथं बसणार नाही. विषय होता पर्सनल लोनबरोबर गळ्यात बांधल्या जाणाऱ्या विम्याचा. असा विमा मी स्वतः रद्द करून घेतला आहे आणि ओळखीच्या पाच-सहा जणांनाही रद्द करायला लावला आहे. त्यांचं म्हणणं असं: कर्जदार गेला तर हप्ते बायको-पोरांच्या अंगावर येतात, विमा असला तर येत नाहीत. शिकल्या-सवरलेल्या माणसानं सही केली ती वाचूनच केली असणार, मग आता मागे फिरणं म्हणजे शब्द मोडणं. अशा माणसाचं सिबिल बिघडतं. आणि काउंटरवरच्या पोराला टार्गेट असतं, त्याच्या पोटावर पाय येतो.

शेवटून सुरुवात करतो. त्या पोराचं टार्गेट त्याचे साहेब ठरवतात, ते माझ्या खिशातून भरायचं कारण नाही. सिबिलमध्ये कर्जाची आणि परतफेडीची नोंद होते. विमा ठेवला की परत केला, याचा तिथं रकानाच नाही.

मला खरा राग आहे तो सहीच्या मुद्द्याचा. घरावर स्लॅब टाकायला तीन लाखांचं कर्ज काढलं, तेव्हा अमरावतीच्या एका शाखेत माझ्यापुढे इंग्रजी कागदांचा जाडजूड गठ्ठा आला. जिथं सही हवी तिथं पेन्सिलनं आधीच फुल्या मारलेल्या. पोरगा पानाचा कोपरा धरून बसलेला, माझी सही झाली की पान उलटायचा. मजकुरावर त्याचा तळहात. एका पानावर ‘प्रीमियम’ शब्द दिसला आणि माझा हात थांबला. “काका, ते लागतेच. सिस्टीम घेत नाही त्याच्याबिगर.” मागे रांग होती, सोमवारी सेंट्रिंगवाले यायचे होते. मी सही केली. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं तर कर्ज 3,12,000 चं झालेलं. वरचे 12,000 विम्याचे, एकरकमी, आणि तेही कर्जातच मिळवलेले. सोळा टक्के व्याजानं चार वर्षांत त्या 12,000 पायी 16,300 रुपये भरायचे, म्हणजे महिन्याला 340.

‘सिस्टीम घेत नाही’ हे धडधडीत खोटं आहे. विमा घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि बँकेच्या दुसऱ्या कुठल्याही सुविधेशी ते जोडायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावून ठेवलं आहे. 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानं तर आणखी बांधून टाकलं. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांत कर्जदाराला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा तक्ता द्यावा लागतो. तो त्याला कळणाऱ्या भाषेत हवा, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायला हवा, आणि समजल्याची पोच घ्यायला हवी. विम्याचे पैसे वार्षिक खर्चाच्या दरात धरलेले दिसायला हवेत. तक्त्यात नसलेला आकार त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि सात दिवस किंवा त्याहून लांब मुदतीच्या कर्जाला, अटींवर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे आहेत. मला त्या पानासाठी अर्धं मिनिट मिळालं नाही. मराठी माणसाला मोर्शी-अमरावतीत कळणारी भाषा कोणती, हेसुद्धा आता सांगावं लागणार आहे का?

शब्द मोडला म्हणता, तर मग विमा नियामकानं पॉलिसी परत करण्याचा हक्क दिला कशासाठी? 2024 पासून ही फ्री लूकची मुदत 30 दिवसांची आहे, आणि ती मोजायची ती पॉलिसीचा कागद हाती पडल्या दिवसापासून. काउंटरवरची सही घाईची असते, घरी बसून वाचल्यावर माणूस खरा निर्णय घेतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ठाऊक नसावं, हे मी मानायला तयार नाही.

ही हुज्जत मला नवी नाही. 2016 साली पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हा पीककर्ज उचलणाऱ्याला विमा सक्तीचा होता. सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्के, कपाशीला 5, आणि हप्ता परस्पर वळता व्हायचा. सक्ती नको म्हटलं की असेच एक जाणते म्हणायचे, शेतकऱ्याला त्याचं हित कळत नाही. 2020 च्या खरिपापासून सक्ती निघाली. तरी मेख राहिलीच: नको असेल तर कर्जदार शेतकऱ्यानं शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी लेखी कळवायचं, नाही कळवलं तर हप्ता कापला. गप्प राहिलेल्याचा होकार धरायचा, ही खोड तिथली आणि इथली एकच.

आता बायको-पोरांचा मुद्दा. तो मला मनापासून पटतो, म्हणूनच हा विमा पटत नाही. आमच्या गल्लीत मोटारी रिवाइंड करणारा एकजण आहे. त्याच्या कर्जाला लावलेल्या विम्यात नोकरी गेली तर तीन हप्ते भरू, असं कलम आहे. खालच्या ओळीत लिहिलंय की हे फक्त पगारदारांना. त्या माणसाची नोकरी कोण काढून घेणार? ब्रिटनमध्ये नेमका हाच घोळ देशभर झाला. ज्यांना भरपाई मिळणंच शक्य नव्हतं अशा स्वयंरोजगारवाल्यांनाही कर्जासोबत विमे विकले गेले. दावे करायला 29 ऑगस्ट 2019 ची मुदत घालावी लागली आणि बँकांना 38 अब्ज पौंडांहून जास्त रक्कम ग्राहकांना परत द्यावी लागली. 2014 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका विधवा प्राध्यापिकेच्या हप्त्यातले 71.8 टक्के दलालीत गेले होते, आणि तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

घरच्यांची काळजी असेल तर साधा टर्म विमा वेगळा काढावा. त्याची रक्कम कर्जाबरोबर घटत नाही आणि ती वारसाच्या हाती पडते. कर्जाच्या विम्यात पहिला हक्क बँकेचा. वयामुळे किंवा दुखण्यामुळे ज्याला दुसरा विमा मिळत नाही, त्यानं हाच खुशाल ठेवावा, पण स्वतः मागून घेतलेला.

नको असेल त्यानं विमा कंपनीच्या नावानं अर्ज लिहावा, बँकेच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. विम्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, ते मिळाल्याची तारीख आणि ‘फ्री लूकमध्ये रद्द करा’ एवढी ओळ पुरते. झाल्या दिवसांचा हप्ता आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीचे सात दिवसांत परत यायला हवेत. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा 155255 हा फोन, आणि महिनाभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल. तिथं फी लागत नाही. माझे पैसे बचत खात्यात जमा झाले, पण कर्ज 3,12,000 चंच राहिलं होतं. दुसरा अर्ज देऊन ती रक्कम मुद्दलात वळती केली, तेव्हा कुठं हप्ता उतरला.

रिवाइंडिंगवाल्याचं प्रमाणपत्र 9 तारखेला ईमेलवर आलं होतं. ते त्याच्या पोरानं काल उघडून दाखवलं. आज 21. अर्ज माझ्या ओट्यावर बसून लिहिला, त्यानं दोनदा वाचला आणि मगच सही केली. उद्या सकाळी पहिलं काम पोस्टात जाऊन तो स्पीड पोस्टानं पाठवण्याचं.